सजावट उतरवण्यापासून सुरुवात करा: मुलांसोबत घरीच करायची पर्यावरणपूरक सजावट

मुलांच्या पार्टीची सजावट लावायला अख्खी दुपार जाते आणि उतरवायला दहा मिनिटं. पण आपण केलेली सजावट कितपत पर्यावरणपूरक होती, ते त्या दहा मिनिटांतच कळतं. पहिल्यांदा मी सगळं कागदाचं केलं, म्हणून स्वतःवर फार खूश होते. उतरवताना लक्षात आलं की प्रत्येक पताकेच्या पाठीवर वीतभर चिकटपट्टी आहे, ताऱ्यांवर चमकी आहे आणि पुठ्ठ्याच्या मुकुटाला प्लास्टिकची रिबीन स्टेपल केलेली आहे. तो कागद रद्दीतही जाईना आणि मातीतही. सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबून टाकून दिलं.

तेव्हापासून एक सवय लागली. कुठलीही वस्तू करायला घेण्याआधी विचारायचं की पार्टी संपल्यावर ही कुठे जाणार? वाटा तीनच. पुन्हा वापरात (सुतळी, कापड, बरण्या), रद्दीत (स्वच्छ कागद आणि पुठ्ठा), नाहीतर मातीत (पानं, खळ लावलेला साधा कागद). आणि वस्तू यांतल्या कुठल्या वाटेला लागणार, हे ती कशाची आहे यापेक्षा कशाने जोडली आहे यावर ठरतं. म्हणून कात्री हातात घेण्याआधी आपण जोडायच्या सामानाकडे बघू.

आधी खळ शिजवा

मैद्याची खळ ही या सगळ्या कामाचा पाया. बाटलीतल्या पांढऱ्या गोंदाइतकी ती झटपट धरत नाही, पण कागदाला कागद चिकटवायला तिच्यासारखं काही नाही. मुलांच्या हाताला लागली तर पाण्याने निघते, आणि कागदासोबत मातीतही जिरते.

१. अर्धी वाटी मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात कालवा. गुठळी राहता कामा नये. गरम पाण्यात मैदा थेट टाकला तर गुठळ्या होणारच, म्हणून हे गार पाणी.

२. दुसरीकडे दोन वाट्या पाणी उकळत ठेवा. उकळी आली की कालवलेला मैदा बारीक धारेने सोडत, दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

३. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं ढवळा. दुधट पाणी हळूहळू अर्धपारदर्शक आणि घट्ट व्हायला लागेल. साधारण ६० अंशांच्या पुढे गव्हातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून हा बदल होतो. तो दिसेपर्यंत आच बंद करू नका. कच्ची राहिलेली खळ वाळल्यावर पावडरीसारखी सुटून येते.

४. चमचाभर मीठ घाला आणि गार होऊ द्या. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून गॅसवर असताना थोडी पातळच बरी.

मिठामुळे बुरशी जरा उशिरा येते, थांबत मात्र नाही. बाहेर ठेवली तर दोन दिवसांत संपवा, फ्रीजमध्ये झाकून ठेवली तर आठवडाभर चालते. मी एकदा उरलेली खळ डब्यात विसरले होते. झाकण उघडल्यावर घरातल्या सगळ्यांना कळलं की आज काहीतरी उघडलं आहे.

ब्रशने लावायची तर पातळ थर द्या. मुलं भसाभस लावतात, मग कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना वाकडा होतो. जुन्या कपड्याची चिंधी बोटाला गुंडाळून पुसल्यासारखी लावायला शिकवलं की प्रमाण आपोआप सांभाळलं जातं.

खळीला धरणार नाही अशा ठिकाणी सुतळी, सुती दोरा, कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे किंवा नुसती खाच वापरा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे एकमेकांत अडकवायला दोन्हीकडे निम्म्या उंचीपर्यंत चीर दिली की गोंदच लागत नाही.

कुठला कागद घ्यायचा

इथे दोन लहानशा चाचण्या फार उपयोगी पडतात, आणि मुलांना त्या करायला खूप आवडतात.

पहिली चाचणी चुरगळण्याची. वेष्टनाचा कागद मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर तो कागद. हळूहळू उलगडून पूर्ववत झाला तर त्यात प्लास्टिकचा थर आहे. असा कागद बाजूला ठेवा आणि भेटवस्तू गुंडाळायला पुन्हा वापरा.

दुसरी थेंबाची. कागदावर पाण्याचा एक थेंब टाका. मिनिटभरात शोषला गेला तर खळ धरेल. मोत्यासारखा वरच बसून राहिला तर कागद गुळगुळीत लेप दिलेला आहे, तिथे खळ सुटणार. रंगीत मासिकांची पानं बहुतेक अशीच निघतात. ती दोऱ्यात ओवायच्या किंवा घड्या घालायच्या कामाला ठेवा.

वर्तमानपत्र फाडूनही बघा. एका दिशेने ते सरळ रेषेत फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू बहुतांशी एकाच दिशेला झोपतात, म्हणून असं होतं. पट्ट्या हाताने फाडायच्या असतील तर त्या सरळ दिशेनेच फाडा. कात्री धरता न येणारं तीन वर्षांचं मूलही मग लांबलचक पट्ट्या काढतं. घडीही त्याच दिशेने नीट बसते. आडवी घातली तर कडा तुटक होते.

वर्तमानपत्राच्या शाईने हात काळे होतात आणि पांढऱ्या भिंतीवर त्याचे ठसे उमटतात. काम जमिनीवर जुनी चादर अंथरून करा. आमच्या घरात खोलीच्या दारापाशी अजून पाच बोटं आहेत.

पताका

भिंतीला काहीही चिकटवायचं नाही, असं आधीच ठरवून टाका. चिकटपट्टीचा निम्मा वापर तिथेच थांबतो. खिडकीचे गज, पडद्याची दांडी, कपाटाची मूठ, आधीपासून असलेले खिळे यांच्यामध्ये सुतळी ताणायची आणि सगळी सजावट तिच्यावर लटकवायची.

साधारण तीन मीटरची एक माळ करायला १२ पताका लागतात. प्रत्येक पताका वरून २० सेंमी रुंद, दोन पताकांमध्ये ५ सेंमी जागा. १२ गुणिले २० म्हणजे २४०, अधिक मधल्या ११ जागांचे ५५, एकूण २९५ सेंमी. दोन्ही टोकांना बांधायला ४०-४० सेंमी सोडा, म्हणजे ३७५ सेंमी सुतळी कापा. बांधायला दोरा कमी पडणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

१. पुठ्ठ्यावर पत्त्यातल्या चौकटसारखा आकार काढा: मधोमध रुंदी २० सेंमी, उंची ५० सेंमी. हा तुमचा साचा. मुलांनी त्याभोवती पेन्सिल फिरवायची.

२. कापलेला कागद मधोमध दुमडा, म्हणजे २५ सेंमी उंचीचा दुहेरी त्रिकोण होईल. रंगवायचं असेल तर आत्ताच रंगवून वाळू द्या.

३. सुतळी दुमडीत ठेवा आणि दुमडीपासून एक सेंटिमीटर जागा सोडून खाली खळ लावा. सुतळीला खळ लागता कामा नये. तिच्यासाठी बोगदा राहिला की पताका मागेपुढे सरकवता येतात, आणि शेवटी सुतळी ओढून काढून पुढच्या वेळेला वापरता येते.

४. वाळेपर्यंत वर एखादं जड पुस्तक ठेवा. दुहेरी कागद असल्यामुळे पताका वाऱ्याने गुंडाळत नाही.

जुन्या चादरीच्या कापडाच्या पताका केल्या तर त्या वर्षानुवर्षं टिकतात. झिगझॅग कात्रीने कापल्या तर कडा शिवाव्या लागत नाहीत, फक्त वरची पट्टी धावदोऱ्याने टाचायची. एकदा वेळ घालवायचाच असेल तर मी तो इथे घालवेन.

कागदी गोंडे

लांबून फुलांसारखे दिसणारे हे गोंडे खोलीचं रूप सगळ्यात जास्त बदलतात. वर्तमानपत्राचे ३० सेंमीचे आठ चौकोन एकावर एक ठेवा. सरळ फाटणाऱ्या दिशेने तीन-तीन सेंटिमीटरच्या घड्या घाला, एकदा पुढे, एकदा मागे, पंख्यासारख्या. दहा घड्यांची एक पट्टी होईल. ती बरोबर मधोमध दोऱ्याने आवळून बांधा आणि दोऱ्याचं एक टोक टांगण्याएवढं लांब ठेवा. दोन्ही टोकं कात्रीने गोलसर किंवा टोकदार कापा. गोल कापली तर गोंडा मऊ दिसतो, टोकदार कापली तर डेलियासारखा.

मग खरं काम. एकेक थर मधल्या गाठीकडे ओढत सुटा करायचा, चार वर, चार खाली. इथे घाई केली की कागद गाठीपाशी फाटतो. थर टोकाला धरून ओढू नका. दोन बोटं आत घालून गाठीच्या जवळून उचला. पहिले दोन थर मोठ्यांनी काढून द्यावेत, बाकीचे मुलं काढतात. पार्टी संपली की थर पुन्हा खाली-वर दाबून गोंडा पंख्यासारखा चपटा मिटतो आणि पुस्तकात ठेवता येतो.

साखळ्या

तीन सेंमी रुंद, वीस सेंमी लांब पट्ट्या. एकात एक कडी, जोडावर दोन सेंमी खळ. तीन मीटरला पन्नासेक कड्या लागतात. एवढंच. मात्र छोट्या मुलांसाठी याच्यासारखं काम नाही: तीन वर्षांचं मूल कडी दाबून धरतं, पाच वर्षांचं खळ लावतं, आठ वर्षांचं मोजतं. खळ वाळेपर्यंत जोडावर लाकडी चिमटा लावा, म्हणजे चिमुकली बोटं मोकळी होतात.

स्वयंपाकघरातले रंग

हळद, लाल कोबी, बीट, कांद्याची सालं, चहा. बाजारातल्या रंगांइतके हे भडक होत नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नका. पण मुलांना तासभर गुंतवून ठेवणारं दुसरं काही मला माहीत नाही.

लाल कोबीची पानं चिरून पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि गाळा. जांभळं पाणी तीन वाट्यांत वाटा. एकात लिंबू पिळलं की ते गुलाबी होतं, दुसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं, तिसरं जांभळंच राहतं. कोबीतला अँथोसायनिन हा रंगकण आम्ल-अल्काप्रमाणे रंग बदलतो. सोडा एकदम थोडाच टाका.

हळदीची गंमत याहून चांगली. हळद पाण्यात कालवून जाड पांढऱ्या कागदावर लावा आणि पूर्ण वाळू द्या. मग सोड्याच्या पाण्यात ब्रश बुडवून त्यावर चित्र काढा: जिथे ब्रश लागेल तिथे पिवळ्यावर तांबडी रेघ उठते. वर लिंबाचं पाणी फिरवलं की ती पुन्हा पिवळी. या कागदाच्या पताका करा, पण उन्हाच्या खिडकीत लावू नका. हळद उन्हात भराभर उडते. बिटाचा गुलाबीही टिकाऊ नाही, दोन-चार दिवसांत तपकिरीकडे झुकतो. तो आदल्या दिवशीच लावा. कांद्याची सालं उकळून मिळणारा मधासारखा रंग मात्र बऱ्यापैकी टिकतो.

कॉर्नफ्लोअरची पांढरी माती

नावाच्या पाट्या, टांगायचे तारे, पानांचे ठसे यांसाठी. दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी. सगळं गार असतानाच मिसळा, मग मंद आचेवर सतत ढवळा. काही मिनिटांत ते अचानक घट्ट होतं. कुस्करलेल्या बटाट्यासारखं दिसलं की लगेच उतरवा. एक मिनिट जास्त झालं तर वाळल्यावर तडे जातात. ओल्या फडक्याखाली गार करा, मळा, अर्धा सेंटिमीटर जाडीचं लाटा. त्यावर पानाची शिरांची बाजू दाबून ठसा घ्या, वाटीने गोल कापा आणि दोऱ्यासाठी भोक आत्ताच पाडा. सावलीत एक-दोन दिवस वाळवा, मधे उलटवा.

पीठ, मीठ आणि पाण्याच्या कणकेचेही असेच आकार होतात. पण या दोन्ही वस्तू निसर्गातल्या आहेत म्हणून मातीत टाकून मोकळं होऊ नका. मीठ आणि सोडा यांतलं सोडियम झाडांना त्रासदायक असतं. या वस्तू जपून ठेवायच्या, पुढच्या वर्षी पुन्हा टांगायच्या. घरात कुत्रा असेल तर मिठाच्या कणकेचे आकार त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा, एवढं मीठ त्याला विषारी ठरू शकतं.

चमकी आणि फुगे यांच्याऐवजी

बहुतेक चमकी म्हणजे धातूचा पातळ लेप दिलेल्या प्लास्टिकचे बारीक तुकडे. झाडून निघत नाहीत, पाण्यातून वाहून जातात. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, ते याच कारणाने. त्याऐवजी वाळलेली पानं घ्या आणि कार्यालयातल्या साध्या भोकं पाडायच्या पंचाने त्यांच्या टिकल्या पाडा. पिवळी, तांबूस, तपकिरी, हिरवी पानं मिसळली तर मूठभर उधळायला पुरेसा रंग मिळतो. कडकडीत वाळलेलं पान पंचात चुरा होतं, म्हणून जड पुस्तकात आठवडाभर दाबलेलं, जरा लवचीक राहिलेलं पान घ्या. अंगणात उडल्या तरी गोळा करायला नकोत.

फुग्यांवर मुलं अडून बसतात, हे मान्य. रबराचा पहिला फुगा मायकेल फॅरडेने १८२४ मध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी केला होता, खेळणं म्हणून नव्हे. हल्ली पाकिटांवर ‘विघटनशील’ असं लिहिलेलं असतं. टास्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे फुगे १६ आठवडे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि औद्योगिक कंपोस्टमध्ये ठेवले होते. ते म्हणण्यासारखे कुजले नाहीत. शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. घरात फुगा हवाच असेल तर मोजके आणा, हवेत सोडू नका आणि तुकडे तिथल्या तिथे उचला. त्यांच्या जागी मी गोंडे टांगते आणि वर्तमानपत्राचे चुरगळलेले गोळे ढिगाने करून ठेवते. फेकाफेकीला ते फुग्यांपेक्षा जास्त चालतात.

डब्याचे कंदील

पत्र्याच्या रिकाम्या डब्यावर खिळ्याने भोकं पाडली की तो चेपतो. उपाय सोपा: डब्यात पाणी भरून गोठवा आणि बर्फाच्या आधारावर खिळा ठोका. काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि डब्याचा तळ बाहेर येतो. कागदावर ठिपक्यांची नक्षी काढून ती डब्याभोवती दोऱ्याने बांधायची, ठिपक्यावर खिळा ठेवायचा. नक्षी मुलांची, हातोडा मोठ्यांचा. उघड्या काठाची धार पक्कडीने आत दाबा. आत छोटा एलईडी दिवा ठेवा. मेणबत्ती लावणार असाल तर पताका, साखळ्या, गोंडे तिच्यापासून किमान मीटरभर लांब आणि वर काहीही टांगलेलं नको.

काही ठिकाणी सावध राहा

बिया आणि शेंगा सजावटीला सुंदर दिसतात, पण लाल-काळी गुंज आणि चट्टेपट्टे असलेली एरंडाची बी मुलांच्या कामातून पूर्ण बाद. दोन्ही विषारी आहेत, आणि भोक पाडून ओवलेली गुंज तर अखंड गुंजेपेक्षा जास्त धोकादायक, कारण कठीण टरफल फुटलेलं असतं. तीन वर्षांखालचं मूल येणार असेल तर टॉयलेट पेपरच्या नळीतून आरपार जाणारी कुठलीही वस्तू त्याच्या हाताच्या उंचीवर ठेवू नका. लोंबणारे लांब दोरेही वर गुंडाळून ठेवा, गळ्यात अडकतात.

मुकुटासाठी पुठ्ठ्याची पट्टी साठ सेंटिमीटर घ्या. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण ५१ सेंमी भरतं, उरलेल्यात खाचा पाडून कमी-जास्त करता येतं.

किती दिवस आधी काय

दोन आठवडे आधी पानं पुस्तकात दाबा आणि कागद गोळा करायला लागा. आठवडाभर आधी पांढरी माती आणि कंदील. तीन-चार दिवस आधी खळ शिजवून पताका, साखळ्या. गोंडे दोन दिवस आधी बांधून ठेवा, पण उघडू नका, नाहीतर त्यांच्यावर कोणीतरी बसतं. बिटाचा रंग आणि टांगणं आदल्या संध्याकाळी. एका बैठकीला तासाभरापेक्षा जास्त मुलांकडून अपेक्षा करू नका. त्यांनी वाकडं चिकटवलेलं रात्री गुपचूप सरळही करू नका. सकाळी त्यांना बरोबर कळतं.

उतरवताना क्रम असा: आधी मातीचे तारे आणि कंदील, मग गोंडे मिटून पुस्तकात. मग पताकांच्या सुतळीचं एक टोक सोडून ती ओढून काढा आणि कोपरावर गुंडाळा. चांगल्या पताका पाकिटात ठेवा. खळ लागलेल्या साध्या कागदाचे तुकडे कंपोस्टमध्ये ओल्या कचऱ्यात मिसळून टाका, एकाच जागी थर झाला तर तो ओला लगदा होऊन बसतो. साखळ्या मात्र शेवटी ठेवा आणि मुलांना सांगा, आता ओढा. अर्ध्या कड्या तिथेच फाटतात, आणि उरलेल्या गळ्यात घालून ती अंगणभर पळतात.